पट्टी काढेल तो बाद

व्यायामाच्या सरांचा पाय मोडला आणि नववीचा खेळाचा तास माझ्याकडे आला. मी भौतिकशास्त्र शिकवतो. ज्या विषयात वस्तू वर जाऊन खाली पडतात, तो विषय मला परका नाही, असे मी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केले!

वर्गातल्या वकीलबाईंना जन्मापासून दिसत नाही. हे टोपणनाव त्यांनी प्रत्येक शिक्षकाशी वाद घालून कमावलेले आहे. आजवर त्यांचा खेळाचा तास लायब्ररीत गेला, कारण वडील दरवर्षी सूट मिळावी म्हणून अर्ज देत. वडील लिफ्ट दुरुस्त करतात. दोर तपासल्याशिवाय ते साधा जिनाही उतरत नसावेत. या वर्षी मुलगी अडून बसली. "बाबा, लायब्ररीतल्या खुर्चीला माझा आकार आलाय. एक तास बघा तरी!" एक तास पाहायचा आणि मग अर्ज द्यायचा की फाडायचा ते ठरवायचे, एवढे त्यांनी कबूल केले.

मी चेंडूत घंट्या बसवल्या, सर्वांना सभागृहात उभे केले आणि प्रत्येकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

"मलाही?" वकीलबाई म्हणाल्या. "सर, माझं नेमकं काय झाकताय?"

"नियम सर्वांना सारखा. पट्टी काढेल तो बाद!"

निरीक्षकाला दिसत असले की निष्कर्षात पक्षपात शिरतो. म्हणून मी स्वतःलाही पट्टी बांधली.

वर सज्जात वडील बसले होते. सहा मिनिटे खेळ उत्तम चालला. सातव्या मिनिटाला शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत आत आले.

"चेंडू! चेंडू!" सतरा मुले त्यांच्यावर तुटून पडली.

"अरे मेल्यांनो, मी आहे, मी!" मामा पळाले. किल्ल्या दुप्पट वाजू लागल्या.

"सर, चेंडू शिव्या देतोय!"

"प्रतिध्वनी आहे! सोडू नका!" असे ओरडत मीही धावलो. ध्वनीचा वेग मला तोंडपाठ होता, मामांचा नव्हता.

"सर, थांबा! जागेवर!"

आवाज वकीलबाईंचा होता. मी थांबलो. एक पाय हवेतच राहिला.

"पुढचं दार उघडं आहे. मामा पायऱ्यांवरून धडधडत खाली गेले, ऐकलं मी. सगळे होतात तिथेच बसा. आणि चेंडू मघापासून माझ्या पायाखाली आहे."

सतरा मुले बसली. मी पट्टी काढली. माझ्या बुटापुढे नऊ पायऱ्या होत्या आणि तळाशी मामा, सदऱ्याचे एक बटण वजा जाता शाबूत. मी मुले दोनदा मोजली. खरचटलेले गुडघे दोन, मोडलेले शून्य. इतके सुंदर शून्य मी कारकिर्दीत पाहिले नव्हते!

वडिलांनी भीतीने डोळ्यांवर घेतलेले हात आत्ता कुठे बाजूला केले होते. ते खाली आले. मुलीच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

"मी भीत होतो ते हिच्यासाठी," ते म्हणाले. "उगाच!" त्यांनी अर्जाचे चार तुकडे केले. "दर आठवड्याला येईल ही. तुमच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच."

मी सोडलेला निःश्वास सज्जापर्यंत ऐकू गेला असावा. वकीलबाईंनी मात्र लगेच कामाचे विचारले.

"सर, पुढच्या तासाला तुमच्यासाठी काही वेगळी सोय करायची का?"

"गादी," मी म्हणालो. "पायऱ्यांच्या तळाशी."