बारा अक्षरांचं गुपित

माझा धाकटा भाऊ शिड्या बनवतो. लाकडी, घडीच्या, चाकांच्या, एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरायच्या. एकतीस वर्षांत त्याच्या शिडीवरून कोणी पडल्याची नोंद नाही. अशा माणसावर संकट आलं ते एका कागदामुळे.

ग्रंथालयाला सव्वीस शिड्या हव्या होत्या. त्यांच्या अर्जात सातवा रकाना होता: ‘व्यवसायाच्या वेबसाइटचा पत्ता.’ तो रिकामा असलेला अर्ज विचारात घेतला जाणार नव्हता. मुदत पंधरा दिवसांची. इकडे कारखान्यातल्या चार सुतारांना पुढच्या महिन्यापासून काम नव्हतं. शिड्या टिकाऊ असल्या की असं होतं.

“दादा, ही काय भानगड आहे?” भावाने विचारलं.

मी आयुष्यभर लहान मुलांना शिकवलं आहे, त्यामुळे मोठ्यांनाही समजावता येतं. फक्त वेळ जास्त लागतो. “हे बघ,” मी म्हटलं, “तुझ्या कारखान्याला पत्ता आहे ना? तसाच एक इंटरनेटवर घ्यायचा. त्याला डोमेन नेम म्हणतात. नाव आपण ठरवायचं. जगात दुसऱ्या कोणी ते घेतलेलं नसलं, की वर्षाची फी भरायची आणि नोंदवायचं. मग ज्याला शिडी हवी, तो ते नाव टाइप करतो आणि थेट आपल्या दारात येतो.”

“म्हणजे पाटीच की.”

“पाटीच.”

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण भावाचे जावई एका कचेरीत दिवसभर संगणकासमोर बसतात, त्यामुळे घरात त्या विषयावरचा शेवटचा शब्द त्यांचा असतो. ते खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, “बाबा, नाव तोंडातून काढू नका. आपण नुसतं बोललो, तरी लोक टपलेले असतात. नोंदवायच्या आत उचलतात.”

“कोण लोक?”

“तेच तर कळत नाही ना!”

तेव्हा रीतसर नामनिश्चिती समिती स्थापन झाली. सदस्य चार: भाऊ, भावजय, जावई आणि मी. ठराव क्रमांक एक: नावाबाबत कमालीची गुप्तता पाळावी. ठराव क्रमांक दोन: खिडकी लावून घ्यावी.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपापलं नाव चिठ्ठीवर लिहिलं आणि गुप्तता पाळण्यासाठी चिठ्ठी मुठीतच ठेवली. चर्चा मुठींवर झाली. भाऊ म्हणाला, त्याच्या मुठीतलं नाव सर्वांत चांगलं आहे. भावजय म्हणाली, “एकतीस वर्षं तुमच्याच मुठीतलं चाललंय. आता माझ्या.” असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी जावयांनी तोडगा काढला. नाव बारा अक्षरांचं करायचं आणि प्रत्येकाने आपल्या पसंतीची तीन अक्षरं टाइप करायची. त्या वेळी बाकीच्या तिघांनी भिंतीकडे तोंड करायचं. म्हणजे कोणावर अन्याय नाही आणि पूर्ण नाव कोणालाच माहीत नसल्यामुळे ते फुटण्याचा प्रश्नच नाही.

“पण आपल्यालाच माहीत नसेल तर?” भावजयीने विचारलं.

“आई, यालाच सुरक्षा म्हणतात.”

ठराव एकमताने मंजूर झाला. त्यात माझंही मत होतं, हे लपवत नाही.

तेराव्या दिवशी नोंदणी पार पडली. पडद्यावर नाव दिसतं त्या जागी भावजयीने आधीच चिकटपट्टी लावली होती. भावाने एका बोटाने, खिळे ठोकावेत तशी तीन अक्षरं ठोकली. भावजयीने डोक्यावरून टॉवेल घेतला. जावयांनी आम्हाला भिंतीच्या आणखी एक पाऊल जवळ उभं केलं. माझी तीन अक्षरं मी पहिलीच्या मुलांना सर्वांत आधी शिकवत असे तीच होती. याहून अधिक सांगणं नियमात बसत नाही.

बटण दाबलं. उत्तर आलं: ‘अभिनंदन! हे नाव उपलब्ध आहे.’

एवढ्या मोठ्या जगात हे नाव कोणालाही सुचलेलं नव्हतं. भावाचे डोळे भरून आले. नोंदणी करणाऱ्या कंपनीने शिडीचं चित्र आणि फोन नंबर असलेलं एक तयार पानही जोडून दिलं. पोचपावती ईमेलने आली. तिच्यात नाव असणार, म्हणून जावयांनी ती न उघडता नष्ट केली.

राहिला सातवा रकाना. चौदाव्या दिवशी चौघे अर्जाभोवती जमलो. एकाने तीन अक्षरं लिहायची, तिघांनी भिंत पाहायची. सवय झालीच होती. रकाना भरताच त्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘गोपनीय. उघडू नये.’ भाऊ स्वतः जाऊन अर्ज देऊन आला.

कंपनी दर आठवड्याला पानावर किती माणसं आली ते कळवत असे. पहिल्या आठवड्याचा आकडा शून्य होता. जावई म्हणाले, “बघा, एकही माणूस आत शिरू शकला नाही.” भावजयीने त्या दिवशी काहीतरी गोड केलं.

दुसऱ्या आठवड्यात आकडा आला: एक.

खिडकी पुन्हा लावली गेली. नाव फुटलं होतं. भावाने बायकोकडे पाहिलं, बायकोने जावयांकडे, जावयांनी माझ्याकडे. “काका, तुमचा शाळेतल्या मुलांशी अजून संपर्क आहे म्हणे?” मी खुलासा लिहायला घेतला, तेवढ्यात फोन वाजला. भावाने सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“नमस्कार, मी ग्रंथपाल बोलतेय. तुमच्या वेबसाइटवरून नंबर घेतला. ती चाकांची शिडी फारच—”

“थांबा. नाव कुठून मिळालं?”

“नाव? कसलं?”

“वेबसाइटचं!”

“अहो, तुमच्याच अर्जात आहे. रकाना सात.”

“त्यावर पट्टी होती.”

“हो, ती सुटली.”

“सुटली की सोडवली?” जावई मागून ओरडले.

“मला सव्वीस शिड्या हव्या आहेत,” त्या एकेक शब्द सावकाश म्हणाल्या.

“मिळतील,” भाऊ म्हणाला. “आधी लेखी द्या की नाव विसरलात.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. सव्वीस शिड्या आता कोपऱ्यावरचा सुतार बनवतो आहे. त्याने सातव्या रकान्यात लिहिलं होतं, ‘कोपऱ्यावर या, हाक मारा.’ माणसं कमी पडली म्हणून आमचे चारही सुतार त्याने कामावर घेतले. जाताना त्यांनी भावाकडून एक शिडी मागून नेली.

समितीचं काम मात्र वाढलं आहे. नाव आणखी दहा वर्षांसाठी नोंदवून ठेवलं, कारण एवढं जपलेलं सोडवत नाही. ग्रंथपाल प्रमुख संशयित आहेत, पण त्यांच्यामागे कोणीतरी असणारच, असं जावयांचं ठाम मत आहे. त्या माणसाला बाहेर काढायचा उपाय समितीने मलाच सुचवला: सगळी हकीकत लिहून काढायची, नाव तेवढं गाळायचं आणि ते नाव नेमकं काय, हे शेवटपर्यंत कोणाच्या मनात घोळतं ते पाहायचं.

तुमच्या घोळतंय ना?

मग बसा. खिडकी लावून घेतो. तीन अक्षरं तर तुम्ही ओळखलीच आहेत. आता कागद घ्या आणि बाकीची नऊ तुम्हाला कोणी सांगितली, ते स्वच्छ अक्षरात लिहा.