बाटली धरायला कुणीतरी

फेलिक्स अंकल दारूच्या थेंबालाही शिवत नाहीत, तरी मरोळ गावठाणातल्या बीअरच्या रिकाम्या बाटल्या त्यांच्याच ओट्यावर रांगेने उभ्या असतात. लग्नाच्या मांडवात वधूवरांना शुभेच्छा देण्याआधी यांची चौकशी सुरू. "खाली झाली का रे बाटली? लेबल मी काढतो, तू फक्त दे."

नवे भाडेकरू त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. शेजारी राहायला आले तेव्हा मीही बघायचे. मग कळलं, त्या बाटल्यांत बाटली मसाला जातो. इथली जुनी ख्रिस्ती घरं उन्हाळ्यात मिरच्या आणि खडे मसाले भाजून, कुटून तो करतात आणि उजेड लागू नये म्हणून तपकिरी बाटलीत ठासून भरतात. अंकलची बायको, अ‍ॅग्नेस आंटी, वारल्या, तसा अंकलनी त्यांच्याच प्रमाणाने मसाला करायला घेतला. मी हौसेने त्यांना ऑनलाइन दुकान काढून दिलं. त्या हौसेची शिक्षा म्हणून दर रविवारी हाक येऊ लागली, "वंदना, जरा बाटली धर गं!"

मी नरसाळं लावून बाटली धरायची, अंकल वेताच्या काठीने मसाला ठासायचे. एक बाटली भरेपर्यंत अख्ख्या गावठाणाची खबर कळायची. आपलं काम सोडून मी इथे का बसते, असा प्रश्न मला दर रविवारी पडायचा आणि मी दर रविवारी जायचे.

मग पोस्टाचे दर वाढले. काच मुळात जड, त्यात ती फुटू नये म्हणून दुहेरी खोका. टपालखर्च मसाल्याच्या किमतीच्याही वर गेला. गिऱ्हाईकं मसाला निवडायची, खालचा आकडा बघायची आणि पळून जायची. एका बाईंनी तर फोन करून विचारलं, "काका, बाटलीसोबत माणूसही येतो का हो?"

अंकल पोस्टात जाऊन भांडून आले. "मसाल्याचं वजन धरा ना! काच काय कुणी खाणार आहे?" खिडकीवरची मुलगी हसली, पण पैसे घेतले काचेसकट.

"अंकल, पाऊच करू या," मी म्हटलं.

"हॅट! पाऊचमध्ये शांपू येतो."

"मग दुकान बंद करावं लागेल."

पुढच्या आठवड्यात पाऊच आले, टपालखर्च उतरला, ऑर्डरी परत सुरू झाल्या. आणि रविवारी हाक आली नाही.

खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. पण नाक खुपसायची माझी सवय जुनी, गेले बघायला. अंकल एकटेच ओट्यावर बसले होते. पाऊच भरून, चिकटवून तयार. बाटली मात्र एकही नाही, सगळ्या भंगारवाल्याला दिलेल्या.

"झकास की! सुटले मी," मी म्हटलं.

"हो ना. पाऊच एकटा माणूस भरतो." अंकल रिकाम्या ओट्याकडे बघत होते. "अ‍ॅग्नेस धरायची, मी ठासायचो. भांडण झालं तरी धरायला यायचीच. तोंड फिरवून बसायची, पण धरायची. बाटलीला दोघं लागतात ना गं."

काम आहे सांगून मी उठले.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "बीअर आण." आमच्याकडे कुणी पीत नाही. त्याने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, मग मुकाट्याने आणली. बीअर मोरीत ओतली, बाटली दोनदा धुतली आणि पुढच्या रविवारी हाकेची वाट न बघता ओट्यावर जाऊन बसले.

"पोस्टाने जाईल ते पाऊचमधून जाऊ दे," मी म्हटलं. "मला घरात बाटलीच लागते."

अंकलनी बाटली उजेडात धरून सगळीकडून फिरवून पाहिली.

"लेबल नीट काढलं नाहीस," ते म्हणाले आणि नरसाळं आणायला लगबगीने आत गेले.