काचेला हात लावू नये

एका जंगलात एकच गाडी होती. म्हणून तिथं हॉर्न वाजवायची कुणाला गरज पडत नसे, आणि सगळे एकमेकांशी बरे वागायचे.

गाडी एका रानडुकराची होती. त्याला सगळे थोरला म्हणायचे, कारण त्याला एक धाकटा भाऊ होता. आईबाप शिकाऱ्यांनी नेले, तेव्हापासून थोरल्यानंच धाकट्याला वाढवलं. तुम्हाला हे वाईट वाटेल, मुलांनो. पण जंगलात ते रोजचं असतं, त्यासाठी कुणी गोष्ट सांगत नाही. गोष्ट पुढं आहे.

कुणाचा पाय मोडला, कुणी बाळंतपणात अडली, की थोरला गाडी काढायचा आणि डोंगरापलीकडच्या दवाखान्यात पोचवायचा. साप चावलेल्यांना न्यायचा. एकदा सापालाच न्यावं लागलं, तर त्यालाही नेलं.

गाडी उभी असली की जो तो काचेला नाक लावून आत बघायचा. प्राण्यांची नाकं ओली असतात. काचेवर डाग पडायचे. थोरला रोज सकाळी फडक्यानं डाग पुसायचा आणि दुपारपर्यंत परत तेवढेच व्हायचे. शेवटी त्यानं सायाळ मावशीला बोलावलं. मावशीचं अक्षर चांगलं होतं, आणि लेखण्या तिच्या अंगावरच होत्या. तिनं चारही काचांवर बाहेरून लिहून दिलं : काचेला हात लावू नये.

जंगल शिकलेलं होतं. सगळ्यांनी वाचलं. डाग थांबले.

फक्त धाकटा शिकलेला नव्हता. तो शाळेत दोन दिवस गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं शाळेचं दार डोक्यानं उघडलं. तिसऱ्या दिवशी शाळेला दार नव्हतं आणि मास्तरांनी त्याला येऊ नको म्हणून निरोप पाठवला. त्याला सगळं डोक्यानं करायची सवय होती. म्हणजे डोकं खाली घालायचं आणि धडकायचं. कशाला धडकलो, ते तो नंतर बघायचा.

गाडीत एकच खोट होती. पुढचं डावीकडचं दार उघडलं की आत खळखळ वाजायचं. पेशंट विचारायचे, हे काय वाजतंय? थोरला म्हणायचा, गाडी आहे, थोडी बोलणारच.

आता पुढचं ऐका.

एके दिवशी भर दुपारी गाडी मोहाच्या झाडाजवळ उन्हात उभी होती. काचा वर, दारं आतून बंद. थोरला आत होता. त्याचं डोकं स्टिअरिंगवर होतं.

सायाळ मावशीनं आधी पाहिलं. तिनं हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग तिनं गव्याला बोलावलं, गव्यानं सरपंचांना बोलावलं. सरपंच म्हणजे एक म्हातारं वानर. त्यांच्या मागून ओढ्यातला खेकडा आला. तो गाड्यांच्या काचा बसवायचा. एकच गाडी असल्यामुळं त्याला काम कमी आणि मतं जास्त होती.

सगळ्यांनी गव्याकडं पाहिलं. गव्याचं शिंग नुसतं टेकलं असतं तरी काम झालं असतं.

गवा काचेजवळ गेला आणि थांबला. तो चौथीपर्यंत शिकला होता.

"लिहिलंय," तो म्हणाला.

सरपंचांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. त्यांना काहीही दिसलं की मोठ्यानं वाचायची सवय होती.

खेकड्यानं सांगितलं की ही कंपनीची काच आहे, अशी इकडं मिळत नाही, आणि एकदा फुटली की मग कितीही चांगली बसवा, वारा शिट्टी मारतोच. मावशी म्हणाली की काचेवर त्याचा जीव आहे, उठला की पहिलं आपल्यालाच ओरडेल, आणि हे सगळ्यात जास्त तिलाच माहीत, कारण लिहिलं तिनंच आहे. गव्याचं म्हणणं निराळं होतं. तो म्हणाला, फोडायला माझी ना नाही, पण उद्या नाव गव्याचं येईल.

मग असं ठरलं की भावाची काच आहे, भावालाच विचारावं. भेकराला धाकट्याकडं पाठवलं.

तोपर्यंत सरपंचांनी सगळ्यांना गाडीभोवती अशा बेतानं उभं केलं, की गाडीवर सावली पडावी. एवढं मात्र सगळ्यांनी मनापासून केलं. कुणी हललं नाही.

धाकटा आला. त्याला कुणी विचारायच्या आत त्यानं डोकं खाली घातलं. डाव्या बाजूनं आला होता, म्हणून डावी काच फुटली. खडीसाखर सांडावी तशी सांडली. अर्धी सीटवर, अर्धी दाराच्या पोटात.

"अरे, लिहिलंय," गवा म्हणाला.

धाकट्याला गाडी चालवता येत नव्हती. त्यानं थोरल्याला पाठीवर घेतलं आणि डोंगर चढला. जंगलातल्या सगळ्या पेशंटना ज्या वाटेनं थोरल्यानं नेलं, त्याच वाटेनं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.

धाकट्यानं विचारलं, किती आधी?

डॉक्टर म्हणाले, जरा.

मग जंगल भेटायला येऊ लागलं. जो येई तो आधी गाडीकडं बघायचा, मग धाकट्याकडं. सरपंचांनी धाकट्याच्या पाठीवर हात ठेवून समजावलं की बाळ, अशा वेळी मागची छोटी काच फोडायची असते, पुढची नाही. गवा म्हणाला, मी असतो तर एका कोपऱ्यात हळूच मारली असती. तो होताच, हे त्याच्या लक्षात राहिलं नसावं. मावशीनं दहिवर आत जाऊ नये म्हणून फुटक्या खिडकीला आपलं जुनं लुगडं बांधलं. तिला खरंच वाईट वाटत होतं. प्रत्येक गाठ मारताना ती रडत होती.

धाकटा एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोहाच्या झाडाला धडका देत राहिला. पुष्कळ फुलं पडली. ती सगळ्यांनी वेचून नेली.

दहाव्या दिवशी सगळे नदीवर जमले. बगळे गुरुजी एका पायावर उभे राहिले. पिंड मांडला. वरच्या फांदीवर कावळा येऊन बसला.

तुम्हाला माहीत असेल, मुलांनो, की कावळा पिंडाला शिवला की गेलेला सुटला. शिवला नाही, तर त्याचं मन कशात तरी अडकलंय असं समजायचं. मग मागं राहिलेल्यांनी एकेक गोष्ट कबूल करत जायची, ते काय आहे ते सापडेपर्यंत.

कावळा नुसता बसून राहिला.

मावशी पुढं झाली आणि म्हणाली की धाकट्याला मी उपाशी ठेवणार नाही. कावळा बसून राहिला. गवा म्हणाला, पेशंटची गाडी बंद पडू देणार नाही, वेळ पडली तर ढकलत नेईन. कावळ्यानं दुसऱ्या पायावर भार घेतला. मग सरपंच पुढं झाले, घसा साफ केला आणि म्हणाले, "काच बसवून देऊ. कंपनीची."

कावळ्यानं मान वळवली.

त्याच्या मानेला खाज सुटली असेल. पण सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला.

"बाळा," मावशी धाकट्याला हळूच म्हणाली, "काचेवरून रागावलाय रे तुझ्यावर."

हे धाकट्याच्या डोक्यात आलं नव्हतं. इतके दिवस त्याला नुसतं दुःख होतं. आता हेही झालं. दादा रागावून गेला, आणि अजून रागावून कुठंतरी बसलाय. त्यानं कावळ्याकडं पाहिलं. मग तो खेकड्याकडं वळला.

"बसव," तो म्हणाला. "आत्ताच. आणि नीट बसव."

काच आदल्या दिवशीच शहरातून आली होती. ती आणायला निम्मं जंगल गेलं होतं आणि मध्ये धरून, गवत लावून, कुठं धक्का लागू न देता आणली होती. गव्यानं गाडी नदीपर्यंत ढकलत आणली. इतकी हळू, की लुगडंसुद्धा हललं नाही.

खेकडा कामाला लागला. तो फक्त बाजूच्या काचा बसवायचा. समोरच्या काचेकडं त्याला जाताच येत नसे.

त्यानं आधी दाराचे स्क्रू काढले. मग दाराला आतून असतो तो पुठ्ठा एकेक खटका सोडवत अलगद काढला. पुष्कळ जण इथंच चुकतात, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. काच फुटली की ती दाराच्या पोटात पडते. ती तशीच ठेवून वरून नवी काच घातली, तर पहिल्यांदा खाली करतानाच तिला ओरखडे पडतात. म्हणून आधी पोट रिकामं करायचं. सगळे माना हलवत होते. एवढं मन लावून जंगलानं कधी काही ऐकलं नव्हतं.

खेकडा दाराच्या तळातून काचेचे तुकडे काढून पानावर ठेवू लागला. तुकड्यांबरोबर दुसरंही काही येऊ लागलं. काळं, गुळगुळीत. पानावर पडलं की खळखळ वाजणारं.

चिंचोके होते.

"हे राहिलेच होते," खेकडा म्हणाला. "मी तुझ्या दादाला म्हटलं होतं, दार खोलतो, साफ करतो, वाजायचं थांबेल. तर मला म्हणाला, राहू दे. धाकटा लहानपणी शेजारी बसून चिंचा खायचा आणि बिया काचेच्या फटीत टाकायचा. म्हणाला, त्याला वाटायचं मला दिसत नाही."

सगळे धाकट्याकडं बघू लागले. रडण्यासाठी ही वेळ योग्य होती.

धाकटा रडला नाही. तो पानाकडं बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "काच बसली की हे परत आत टाकता येतील?"

"नीट काम म्हणशील तर नाही," खेकडा म्हणाला. "नीट म्हणजे दार वाजता कामा नये."

धाकट्यानं सगळे चिंचोके उचलून गालात भरले.

खेकड्यानं खाचेतलं रबर पुसलं. काच तिरकी करून आत सोडली, खालच्या पट्टीत बसवली, आवळली. हँडल फिरवून वर केली, खाली केली, परत वर केली. कुठं अडली नाही, कुठं करकरली नाही. पुठ्ठा लावला. सगळ्यांना काचेत आपापलं तोंड दिसलं आणि ते बरं दिसलं. मावशी पुढं झाली. तिनं नव्या काचेवर लिहिलं, आधीपेक्षा मोठ्या अक्षरात.

धाकट्यानं भरल्या गालानं विचारलं, काय लिहिलंस?

"काचेला हात लावू नये."

"आधीच्यावर पण हेच होतं?"

"हेच की. सगळ्यांनी वाचलं होतं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू वेळ कुठं दिलास, बाळा?" मावशी म्हणाली.

तेवढ्यात बगळे गुरुजींनी दुसरा पाय खाली ठेवला. म्हणजे उशीर होत होता. सगळे पिंडाकडं वळले. तेवढ्यात धाकट्यानं काच थोडी खाली केली आणि सगळे चिंचोके एकेक करून फटीतून आत टाकले. मग तो पिंडापुढं जाऊन उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला, "काच बसवली."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"परत तशी वेळ आली, तर परत फोडीन."

कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

"बघा," सरपंच म्हणाले. "काच बसवली म्हटल्याबरोबर आला."

सगळ्यांनी तेच पाहिलं होतं. धाकट्याचं दुसरं वाक्य ऐकू आलं नाही असं नाही. पण ते विधीत धरत नाहीत.

मग पानं मांडली. सगळे पोटभर जेवले आणि खेकड्याच्या कामाबद्दल बोलले. धाकटा जेवायला आला नाही. तो गाडीकडं गेला. डावीकडचं दार उघडून आत शिरला. दार ओढून घेताना आत खळखळ वाजलं. तो सरकून थोरल्याच्या जागेवर बसला. उघडी राहिलेली काच वर केली. मग त्यानं डोकं स्टिअरिंगवर ठेवलं.

पहिल्यांदा मावशीनं पाहिलं. मग गव्यानं. मग पानांवरून एकेक जण उठला. बघता बघता सगळे गाडीभोवती जमले. ऊन चढलं होतं.

दार आतून बंद केलेलं नव्हतं. पण ते काचेला लागून होतं.

गवा पुढं झाला आणि थांबला. सरपंचांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. मग कुणी न सांगता सगळे नीट फेर धरून उभे राहिले, गाडीवर सावली पडेल अशा बेतानं. कुणी हललं नाही.

बऱ्याच वेळानं धाकट्यानं डोकं वर केलं. सगळे आत बघत होते. त्यानं हँडल फिरवलं. काच खाली गेली, कुठं अडली नाही.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

"काही नाही," गवा म्हणाला. "काच बघत होतो. छान बसलीय."

तात्पर्य : मुलांनो, शाळा चुकवू नका. वाचता येत नसलं की हातून काचा फुटतात. वाचता येणाऱ्यांच्या हातून त्या जंगलात आजवर एकही काच फुटलेली नाही.