दगडू फिटरची बुडी

डोक्यात घागर घालून विहिरीत उतरणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. पाहिला कसला, काठावर बसून त्याला सायकलच्या पंपाने हवासुद्धा भरली आहे!

हा आमचा दगडू फिटर, निघोज्याचा. पिंपरीला आमचा कारखाना नुकताच उभा राहत होता. मी हजेरी लिहिणारा कारकून, तो पाइप जोडणारा. एका पितळी घागरीचे बूड कापून, पोटाला डांबराने काच बसवून आणि तोंडात रबरी नळी खुपसून त्याने पाणबुड्याचा टोप बनवला होता. दर रविवारी गावच्या विहिरीत बुडीचा अभ्यास.

"भाऊसाहेब, दोरीला एक झटका म्हंजी हवा वाढवा. दोन म्हंजी वर वढा. तीन म्हंजी घाबरू नका."

मी पहिल्याच झटक्याला घाबरायचो आणि ओढायचो. गळक्या घागरीतून दगडू ओरडायचा, "आवो, आत्ता कुठं तळ लागत व्हता!"

हा बुडतो कशासाठी, हे मला कळेना. गावालाही कळेना.

"भांडं पडलंय का रं?"

"न्हाई."

"मग गुप्तधन?"

"न्हाई."

म्हातारे मलाच वेड्यात काढून निघून जायचे.

खरा घोळ पुढेच. कारखान्यात परीक्षा दिल्याशिवाय हेल्परचा फिटर होत नसे. दगडूने तेच मनात घेतले. बुडीचीही परीक्षा, बुडीचाही कागद, "आन् शिक्क्यासकट!" परीक्षक कोण? मी. मला पोहताही येत नव्हते! तळाचा मूठभर चिखल आणला की पास, असे ठरले. तिसऱ्या रविवारी त्याने तो आणून थेट माझ्या धोतरावर ठेवला.

"काय लिहू? किती खोल, किती वेळ?"

"नुस्तं लिवा, ह्याला बुडी येती."

मी लिहिले आणि हजेरीचा शिक्का मारला. दगडूने कागद काचेत घालून विहिरीवरच्या कडुलिंबाला ठोकला.

"अरे, घरी लाव की. इथे कशाला?"

तो घागर पुसत राहिला.

"वरसामागं कारभारीण पाय घसरून हितंच पडली. लोक वरडत व्हते, बुडी येती का कुणाला? मी काठावरच हुबा, भाऊसाहेब. न्हाई म्हणालो. गळ टाकला, तर आधी ही घागरच वर आली."

मग त्याने ती डोक्यात घातली आणि पुन्हा पाण्यात उतरला. मी पंप मारत राहिलो. थोड्या वेळाने दोरीला तीन झटके बसले.

या वेळी मी ओढली नाही.