अस्वलाच्या आंघोळीचा दगड

एका जंगलात, बाळांनो, ऊन फार होतं. इतकं, की गोरखचिंचेची सावलीसुद्धा तापायची. अशा जंगलावर राज्य कोण करत होतं, सांगा पाहू? पांढरी अस्वलं! समुद्रापलीकडून, थेट बर्फातून आलेली. कुणी बोलावलं नव्हतं. तशी बोलावण्याची वाट पाहणारी ती जातच नव्हे.

अस्वलांच्या राजाला उकाडा सोसेना. म्हणून त्याने तळ्याच्या मधोमध एक मोठा दगड टाकून घेतला. पाय पाण्यात सोडून तो दिवसभर त्या दगडावर बसे आणि तिथूनच राज्य करी. कायदाही केला. साहेब पाण्यात असेपर्यंत कुणी तळ्याला तोंड लावायचं नाही. साहेबांच्या आंघोळीच्या पाण्यात भलत्यांची उष्टी तोंडं नकोत! संध्याकाळी साहेब उठले की बाकीच्यांनी प्यायचं, तेही अस्वलाचे केस बाजूला सारून.

शेवटी जनावरं पेटली. मोठा लढा झाला आणि अस्वलं चंबूगबाळं आवरून गेली. स्वातंत्र्य मिळालं. झेंडा बदलला, गाणं बदललं, तळ्याचं नावही बदललं. दगड आणि कायदा तेवढे तसेच राहिले. राजा दगडावर बसतो आणि तो बसला की पाणी प्यायचं नाही, यालाच राज्य म्हणतात, असं सगळ्यांना पाठ झालं होतं.

लढ्याचा पुढारी होता हत्ती. जनावरांनी त्याला खांद्यावर घेऊन दगडापर्यंत नेलं. हत्तीला, खांद्यावर! त्यात काही माकडं चेंगरून मेली. त्यांना हुतात्मे म्हणतात आणि त्यांच्या नावाने दरवर्षी सुट्टी असते.

"लेकरांनो," सोंडेत पाणी भरता भरता हत्ती म्हणाला, "तुमच्यासाठी हे ओझं मी उचललंय."

सगळे रडले. पहिली काही वर्षं तो संध्याकाळी उठायचा. मग त्याचे गुडघे दुखू लागले आणि तो उठेनासा झाला. जनावरं काठावरची ओली वाळू चाटू लागली आणि राष्ट्रपित्याच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करू लागली.

एका पहाटे रानरेड्याने झोपलेल्या हत्तीला शिंग लावून पाण्याबाहेर ढकललं.

"घाबरू नका," रानरेडा गरजला. "मी फक्त वातावरण निवळेपर्यंत बसणार आहे."

मग त्याने आपला सगळा कळप तळ्यात उतरवला. चिखल असा झाला की वातावरण सोडा, पाणीही निवळेना. तो शिंगं पांढरी होईपर्यंत बसून राहिला. त्याच्याच राज्याच्या शेवटी शेवटी भुरी नावाच्या हरिणीचं पहिलं पाडस तहानेने गेलं. तिने दुसऱ्या पाडसाला जपून वाढवायला घेतलं. पहाटे पानांवरचं दव ती स्वतः चाटत नसे, त्याला चाटवत असे.

रेडा म्हातारा होऊन पडला तेव्हा निवडणूक झाली. निरीक्षण करायला कोण आलं? अस्वलं! मतदान स्वच्छ झालं, असं त्यांनी लिहून दिलं आणि छत्र्या उघडून ती परत गेली. तरस निवडून आला. तो प्रत्येक प्रश्नावर हसायचा. पाणी नाही म्हटलं की हसायचा, पिल्लं मेली म्हटलं की जास्त हसायचा. लोक म्हणायचे, काही झालं तरी नेता आनंदी आहे.

तेव्हा भुरी सभेत उभी राहिली.

"अहो, तो दगड काठावर आणा ना," ती म्हणाली. "राजाला काठावर बसू दे. पाणी आपल्याला मोकळं होईल. माझं हे पोर तरी वाचू दे!"

"दगड हलवायचा?" एक माकड किंचाळलं. "आपल्या पूर्वजांचा दगड? ही अस्वलांची हस्तक आहे!"

भुरीला सभेतून हाकलून दिलं. गाढव माणसं असतात ना, बाळांनो, तशीच ही जनावरं होती.

पुढे तरसाची दाढ दुखू लागली. उपचारासाठी तो अस्वलांच्या देशात गेला आणि तिथेच राहिला. तिथे तळीच तळी आहेत म्हणे.

आता दगड रिकामा होता. राजा पाण्यात नव्हता, म्हणजे कायदाही आड येत नव्हता. जनावरांनी काय केलं असेल? भरपूर पाणी प्यायली? छे! ती काठावर जमली आणि आता कुणाला बसवायचं यावर भांडू लागली. भुरीचं पाडस धडपडत पाण्याकडे निघालं, तर माकडांनी त्याला अडवलं.

"आधी शपथविधी! राजा नसताना पाणी प्यायचं म्हणजे अराजक!"

"अहो, मरेल तो!" भुरी ओरडली. "जीभ बघा त्याची!"

तिच्या आवाजात असं काही होतं की सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मग एक म्हातारा झेब्रा म्हणाला, "हिलाच बसवा. हिला तहान कळते."

सगळ्यांना एकदम पटलं. जयजयकार झाला. 'नको नको' म्हणेपर्यंत भुरी खांद्यांवरून दगडावर पोचलीसुद्धा.

"ये बाळा," तिने पाडसाला हाक मारली. "पी."

पाडस गटागटा प्यायलं. त्याच्या डोळ्यांत जीव आला. काठावरच्या जनावरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याजवळ तेवढंच होतं. खुरांखालचा दगड गार होता. इतका गार असेल असं भुरीला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात एक रानडुकरीण पुढे आली. तिच्या मागे पिल्लं होती. त्यातलं एक चालतही नव्हतं, तिने ते तोंडात धरलं होतं. तिने ते हळूच पाण्याजवळ ठेवलं.

भुरीने मान वर केली.

"मागे हो, बाई," ती म्हणाली. "दिसत नाही का, मी पाण्यात आहे?"

तात्पर्य: राज्य नेहमी आपल्यातल्याच कुणाकडे असावं. मग तहानेने जीव गेला, तरी तो परक्याच्या हातून गेला असं कुणाला म्हणता येत नाही.