टांगानिकाचे भाऊसाहेब

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर चहा पिताना कुणी रस्त्यातल्या खड्ड्याचा विषय काढला, की आमचे कांबळे भाऊसाहेब बशी खाली ठेवतात आणि विचारतात, "टांगानिकात काय झालं, ठाऊक आहे?"

टांगानिका म्हणजे आफ्रिकेतला, एके काळी इंग्रजांच्या ताब्यातला मुलूख. भाऊसाहेब शिक्षण खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात महाडच्या रद्दीवाल्याकडे त्यांना तिथल्या शाळा-शेतीच्या सरकारी खर्चाचा जुना इंग्रजी अहवाल सापडला. लोक निवृत्तीनंतर मुलाकडे मुंबईला जातात. हे टांगानिकात गेले ते परतलेच नाहीत.

"गोऱ्यांच्या पोरांना आधी, तिथल्या पोरांना उरलंसुरलं," ते असे तापून सांगतात, जणू फाईल कालच टेबलावर आली. "कॉफीच्या मळ्याला तज्ज्ञ. ज्वारी पेरणाऱ्या बाईला काय? तर शिफारस करण्यात येते." एकदा त्यांनी त्या सरकारच्या नावे हरकतीचा अर्जच लिहिला, तीन प्रतींत.

मी म्हटलं, "भाऊसाहेब, ते सरकार केव्हाच गेलं."

"गेलं म्हणून काय झालं? हरकत शिल्लक आहे ना."

वहिनींचं म्हणणं सरळ आहे. "ह्यांना भाजी आणाया धाडलं, तर आफ्रिका घेऊन येतात."

गेल्या वर्षी माझी बदली शिवथरकडच्या एका वाडीवरच्या शाळेत झाली. शाळा उघडली त्या आठवड्यात भाऊसाहेब पिशवी घेऊन फाटकात हजर. पिशवीत भेंडी, पडवळ, दोडक्याचं बी. पोरं धावली, "टांगानिका आजोबा आले." क्षणात सगळी वरात शाळेमागच्या वाफ्यांकडे निघाली.

मी चकित. खिचडी शिजवणाऱ्या आक्का म्हणाल्या, "दर सालाला येतात, गुरुजी. नोकरीत व्हते तवा आमच्या परसबागेचा कागद ह्यांच्याच टेबलावर पडून ऱ्हायला व्हता. आम्ही कवाच इसरलो. ह्ये नाय इसरले."

मी वाफ्याजवळ गेलो. भाऊसाहेब पँट दुमडून मातीत बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्या अहवालात एका खेड्यातल्या मास्तरानं बियाणं मागितलंय. मिळालं का, ते पुढे कुठेच लिहिलेलं नाही. मी चारदा वाचला."

शेजारी एक चिमुरडी अंगठ्यानं बी जोरात खाली दाबत होती. त्यांनी तिचा हात अलगद धरला.

"एवढं खोल नको गो. त्याला वर यायचंय."