पाणी थिरावू द्या

शेषराव आमच्याकडे चहाला आला की ओठ लावायच्या आधी कपात एक तार बुडवतो. तारेच्या दुसऱ्या टोकाला डबी, डबीवर आकडे. आकडा मनासारखा उतरला की तार रुमालाला पुसतो आणि मग पितो. तोवर चहावर साय धरलेली असते.

"शेषराव, तुले जीभ कायले देली?" मी विचारते.

"जीभ खोटं बोलते मावशी. सकाळी मिरची खाल्ली तं दिवसभर सगळंच गरम लागते."

तापमान मोजायची यंत्रं तपासून पोट भरणारा मेहकरात मला तरी हाच एक माहीत आहे. दूध थंड ठेवणाऱ्यांची, लशींच्या फ्रिजची, अंडी उबवणाऱ्यांची यंत्रं त्याच्याकडे येतात. पुढच्या खोलीत स्टीलची टाकी आहे, तळाशी हीटर, आत पाणी ढवळणारा पंखा. खात्रीचं यंत्र आणि आलेलं यंत्र, दोन्हींची टोकं पाण्यात शेजारी शेजारी सोडायची. पाणी एका आकड्यावर थांबलं की दोन्हींत फरक किती ते बघायचं. मी चौथी शिकलेली, मला एवढं कळलं, तेवढं पुरे.

पाणी थांबेपर्यंत तो कोणाला बोलू देत नाही. "पाणी थिरावू द्या" एवढंच म्हणतो. ही सवय घराबाहेरही गेली. एकदा नळावर दोघी भांडत होत्या. हा मध्ये जाऊन म्हणाला, "पाणी थिरावू द्या." दोघी भांडण सोडून त्याच्यावरच धावल्या.

मला ताप आला तेव्हा तीन थर्मामीटर घेऊन आला. तिन्हींचे आकडे वेगळे.

"यातलं खरं कोणतं बे?"

"तेच पाहून राह्यलो."

"मी मेल्यावर सांगजो."

त्याची बायको कमल. साखरेच्या आजाराने तिच्या पायांना थंड-गरम काही कळत नाही. टाकीतलं गरम पाणी फेकायचं नाही, घरात वापरायचं, ही त्यांची रीत. मागच्या हिवाळ्यात कमलने तेच पाणी घमेल्यात काढलं आणि पाय सोडून बसली. शेषराव यंत्रात डोकं घालून होता. तिथूनच विचारलं, "लय गरम नाही ना?"

"कोमट हाये."

जन्मात तेवढं एकदा त्याने तार न बुडवता मानलं. पायांची कातडी निघाली. जखम भरायला उन्हाळा गेला. पुन्हा भाजलं तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. गल्लीतले लोक हसले, यंत्रवाल्याच्या घरातच बायको भाजली म्हणून.

परवा मी त्यांच्याकडे ज्वारीचं पीठ द्यायला गेले. कमल खुर्चीवर पाय वर धरून बसली होती. समोर घमेलं, त्यात दोन तारा. दोन्ही डब्यांवर एकच आकडा.

"सोडू का?" कमलने विचारलं.

"थांब."

त्याने बाही सारली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि डोळे मिटून बसला. बराच वेळ.

मी म्हटलं, "काऊन रे, हात खोटं बोलत नाही का आता?"

"बोलू द्या मावशी. तिले लागत नाही, तं कोणाले तरी लागलं पाह्यजे ना."

मग त्याने तिचा एक पाय दोन्ही हातांनी उचलला आणि हळूच पाण्यात ठेवला.

"कोमट हाये," तो तिला म्हणाला.

"हाव," कमल म्हणाली.